कॉम्प्युटर हँग होतो तेव्हा



आमच्या गटाच्या खोलीत एका कोपऱ्यात पिठाची गिरणी आणि शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर. उन्हाळ्यात तो सारखा हँग व्हायला लागला. हिशेब भरता भरता स्क्रीन थिजायचा. दुकानदार म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल.” फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. कर्जाचे, बचतीचे सगळे आकडे त्यात गेले असते. म्हणून आम्ही म्हटलं, आधी दुखणं ओळखू. ते कसं ओळखलं, हे आज सांगते.

पहिलं काम नकलेचं. कॉम्प्युटर चालतोय तोवर हिशेबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. बाकी सगळं नंतर.

दुसरं काम नोंदीचं. कॉम्प्युटर किती वाजता अडकला, सुरू केल्यापासून किती वेळानं अडकला, तेव्हा काय काम चाललं होतं, आवाज कसा येत होता, हे आठवडाभर वहीत लिहा.

अडकला की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो आणि फक्त माउसचा बाण हलत नाही, तर माउसची वायर किंवा सेल तपासा. दिवा चालतो पण सगळंच संथ आहे, तर यंत्र कामाखाली दबलंय. थोडं थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरी शंभर टक्क्यांच्या जवळ असेल, तर एका वेळी फार काही उघडलंय किंवा रॅम कमी पडतेय. डिस्क बराच वेळ शंभर टक्क्यांवर आहे, फाइल उघडायला उशीर होतो, आतून टिकटिक येते, तर हार्ड डिस्क बिघडत चालली असेल. अशा वेळी नक्कल लगेच करा. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल, तर नको त्या फाइली काढा.

दिवा हलतच नसेल, तर कॉम्प्युटर पूर्ण थिजलाय. पॉवरचं बटण 10 सेकंद दाबून धरा, तो बंद होईल. असं वारंवार होत असेल, तर उष्णता, रॅम किंवा विजेचा कमी-जास्त दाब, यांवर संशय घ्यावा.

आमच्या वहीत काय निघालं? सकाळी ठीक, दुपारी अर्ध्या तासात बंद, आणि दरवेळी पंख्याची घरघर. म्हणजे उष्णता. प्लग काढला, पेटीचं झाकण उघडलं, तर पंख्यावर पिठाचा थर! पंखा बोटानं धरून मऊ, कोरड्या ब्रशनं झाडला. ओलं फडकं आत लावायचं नाही. कॉम्प्युटर गिरणीपासून दूर, भिंतीला न चिकटवता ठेवला. तेव्हापासून तो अडकलेला नाही.

घरी जमलं नाही तर दुकानात जरूर जा, पण वही सोबत न्या. “कोणता भाग बिघडलाय, आणि कशावरून?” एवढं विचारा. फॉरमॅट करायचीच वेळ आली, तर पेन ड्राइव्हवरची नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, मगच हो म्हणा.

येत्या बैठकीला एक पेन ड्राइव्ह घेऊन या. नक्कल कुणाकडे राहील, तेही त्याच दिवशी ठरवा.