खपली नव्हे, ऊ

जांघेत खाज सुटली की बहुतेक जण नायट्याचं मलम आणतात. मेडिकलवाला फार विचारत नाही, आपणही सांगत नाही. ट्यूब संपते, खाज राहते. ती उवेची असू शकते, हे सुचतच नाही.

ही डोक्यातली ऊ नव्हे. थिरस प्युबिस ही वेगळीच जात. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, अंगाने रुंद, मागच्या चार पायांना खेकड्यासारख्या जाड नांग्या. त्या राठ, विरळ केसांवर पक्क्या बसतात. म्हणून ती जांघेत, काखेत, छातीवर, दाढीत, अगदी पापण्यांतही सापडते, पण डोक्याच्या दाट केसांत क्वचितच. तिची सर्वांत जवळची नातेवाईक गोरिलाच्या अंगावर राहते. डेव्हिड रीड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जनुकांवरून अंदाज बांधला, की सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वी ती गोरिलांकडून आपल्या पूर्वजांकडे आली.

चांगल्या उजेडात भिंग घेऊन पाहा. कातडीला चिकटलेली करडी खपली वाटते आणि नखाने उचलावी तर पाय हलतात. केसाच्या मुळाशी लिखा असतात. कोंडा झटकला की पडतो, लीख केसावरून सरकतही नाही. अंतर्वस्त्रावर तांबूस-काळे बारीक ठिपके किंवा मांडीवर, पोटावर निळसर डाग दिसले तरी शंका घ्यावी. खाज तिच्या लाळेच्या अॅलर्जीने येते, म्हणून ती लागण झाल्यावर काही दिवसांनी सुरू होते.

ती उडत नाही, उड्या मारत नाही. पसरते ती मुख्यतः शरीरसंबंधातून, कधी एकाच अंथरुणातून किंवा टॉवेलमधून. अस्वच्छतेशी तिचा संबंध नाही, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. या एका गैरसमजापायी माणसं महिनोन्‌महिने गप्प राहतात.

रॉकेल किंवा घरातलं कीटकनाशक तिथे कधीही लावू नका. १ टक्का परमेथ्रिन १० मिनिटं लावून धुतात, ९-१० दिवसांनी जिवंत ऊ दिसली तर पुन्हा. जोडीदाराचेही उपचार एकाच वेळी हवेत. कपडे, चादरी कडक गरम पाण्यात धुवाव्यात. पापण्यांना मात्र हे औषध लावायचं नाही, तिथे डॉक्टरच हवेत. गरोदरपण असेल, खाजवून पू झाला असेल किंवा उपचारानंतरही ऊ राहिली असेल, तरीही डॉक्टर गाठा. लहान मुलाच्या पापण्यांत ती दिसली तर अजिबात थांबू नका. मुलाला कुणी त्रास दिला आहे का, हेही डॉक्टर विचारतील. ते विचारायलाच हवं.

सोबत इतर लैंगिक आजारांची तपासणीही करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ती मोफत होते.