समजून घ्या : इंग्रजीत 'कारण' सांगताना आपण कुठे अडखळतो?

"व्हाय डू यू वॉन्ट टू जॉइन अस?" इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पस मुलाखतीत हा प्रश्न आला आणि मी छातीठोक उत्तर दिलं, "माय मोटिव्ह इज टू लर्न." समोरचे दोघे गालातल्या गालात हसले. का हसले, ते घरी येऊन डिक्शनरी उघडल्यावर कळलं.

मोटिव्ह की मोटिव्हेशन?

'मोटिव्ह' म्हणजे हेतू, हे खरं. पण इंग्रजीत हा शब्द बहुतेकदा गुन्ह्याच्या किंवा छुप्या हेतूबद्दल बोलताना येतो. कामामागची प्रेरणा सांगायची असेल तर 'मोटिव्हेशन' म्हणा. 'मोटिव्हेटेड'नंतर एखादी गोष्ट आली तर 'बाय' (मोटिव्हेटेड बाय चॅलेंजेस) आणि क्रिया आली तर 'टू' (मोटिव्हेटेड टू लर्न).

एक शब्द, दोन कामं

मराठीत 'उशिराचं कारण पाऊस' असंही म्हणतात आणि 'उशीर झाला, कारण पाऊस होता' असंही. 'कारण' हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द आहेत : रीझन आणि बिकॉज. दोन्ही एकत्र आले की 'द रीझन इज बिकॉज' तयार होतं. बोलताना ते खपून जातं, पण ऑफिसच्या ईमेलमध्ये 'द रीझन इज दॅट' लिहिलेलं बरं.

'उशिराचं'मधल्या 'चं'मुळे आपण 'रीझन ऑफ द डिले' लिहितो. तिथे 'रीझन फॉर' हवं. 'ऑफ' चालतो तो 'कॉज'सोबत : 'कॉज ऑफ द डिले'. आणि 'म्हणून'च्या सवयीनं 'बिकॉज इट रेन्ड, सो आय वॉज लेट' होतं. 'बिकॉज' आणि 'सो' यापैकी एकच ठेवा.

पोटी, खातर, मुळे

काही जोड्या मात्र अगदी नेमक्या जुळतात. कुतूहलापोटी म्हणजे 'आउट ऑफ क्युरिऑसिटी', मुलांखातर म्हणजे 'फॉर द सेक ऑफ द चिल्ड्रन', पावसामुळे म्हणजे 'बिकॉज ऑफ द रेन'. पुढे नुसतं नाम असेल तर 'बिकॉज ऑफ', पूर्ण वाक्य असेल तर फक्त 'बिकॉज'.

कारणं अनेक असतील तर?

खरी कसोटी इथे आहे. समजा, प्रोजेक्ट लांबला. ईमेलमध्ये 'द टेस्टिंग टीम कॉज्ड द डिले' असं लिहिलं, तर सगळा ठपका एकाच टीमवर बसतो. 'लेट टेस्टिंग कॉन्ट्रिब्यूटेड टू द डिले' म्हणजे उशिरा झालेल्या टेस्टिंगनंही हातभार लावला, पण बाकीची कारणंही होती. शब्द थोडेच बदलले, पण सहकाऱ्यांवर अन्याय टळला.

'वन ऑफ द रीझन्स'मध्येही तोच अर्थ आहे. फक्त 'रीझन्स' अनेकवचनी ठेवायला विसरू नका. ही चूक आपल्याकडे सर्रास होते.

नोकरी का सोडली, या प्रश्नालाही हेच लागू होतं. नुसतं 'फॉर सॅलरी' म्हटलं की बाकी सगळं झाकलं जातं. त्याऐवजी : 'मेनली बिकॉज आय वॉन्टेड टू कोड अगेन, अँड पार्टली बिकॉज ऑफ द सॅलरी.' मुख्य कारण 'मेनली'नं कळलं, जोडीचं 'पार्टली'नं. पगाराचं कारण लपवावंही लागलं नाही.

मुलाखतीआधी हे करा

आपली खरी कारणं आधी मराठीत लिहून काढा. त्यातलं मुख्य कोणतं, जोडीचं कोणतं, ते ठरवा आणि मग इंग्रजीत मांडा. आपल्याला नक्की काय हवंय हेच ठरलं नसेल, तर वाक्य दोन्ही भाषांत अडखळतं. माझं त्या दिवशी तेच झालं होतं; 'मोटिव्ह' हा शब्द चुकला, ते फक्त त्यातलं एक कारण. 'वन ऑफ द रीझन्स'!