वाऱ्याची खातरजमा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या माउंट बेकरच्या स्की-केंद्राची कीर्ती मुख्यतः तेथे पडणाऱ्या हिमामुळे आहे. १९९८-९९ च्या एका मोसमात तेथे १,१४० इंच, म्हणजे सुमारे २९ मीटर हिम पडले आणि तो जागतिक विक्रम ठरला. बेलिंगहॅम शहरातून निघालेला ५४२ क्रमांकाचा रस्ता नूकसॅक नदीच्या सोबतीने देवदारांच्या दाट अरण्यातून चढत जातो आणि हिवाळ्यात तो या केंद्रापाशीच संपतो. तेथील वाहनतळाचा काही भाग मुक्कामी गाड्यांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि मोसमातल्या शनिवार-रविवारी त्या भागात कॅम्पर, ट्रेलर आणि मोटरहोम यांची रांग लागते. विजेची जोडणी तेथे नाही, पाण्याची नाही, सांडपाण्याच्या निचऱ्याचीही नाही. जे काही लागेल ते ज्याने त्याने बरोबर आणावे आणि आपला बंदोबस्त आपण करावा, असा शिरस्ता आहे. सिअॅटल-बेलव्ह्यूच्या परिसरात स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबेही आता या रांगेत दिसू लागली आहेत, म्हणून आमच्या संपादकांनी मला तिकडे पाठविले. बाहेर रात्रभर हिम पडत असता पातळ भिंतींच्या त्या खोलीत माणसे निर्धास्तपणे झोपतात तरी कशाच्या बळावर, एवढेच पाहून या, असे त्यांचे सांगणे होते.

या गाड्यांचा अधिकृत इतिहास वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते, ती ही की त्यांचा जन्म उन्हाळ्यासाठी झालेला आहे. १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडलेली प्रवासी गाडी काय, १९३० नंतरच्या दशकात वॉली बायम यांनी काढलेले ॲल्युमिनियमचे एअरस्ट्रीम ट्रेलर काय, किंवा आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथे १९५८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे १९६६ पासून मोटरहोम बांधू लागलेल्या विनेबॅगो कंपनीची वाहने काय, या सर्वांच्या मागे राष्ट्रीय उद्याने, सरोवरांचे काठ आणि शाळांच्या दीर्घ सुट्या यांचीच कल्पना प्रामुख्याने होती. हिवाळ्याचा गंभीर विचार युरोपात अधिक झाला. जर्मनीत फिलिप क्राइस यांनी १९४९ साली सुरू केलेल्या ट्रूमा कंपनीने १९६१ मध्ये कारवानसाठी धूर बाहेर सोडणारी गॅसची शेगडी तयार केली, आणि आल्प्समधील स्कीइंगच्या मोसमाला त्यामुळे चाकांवरच्या घराची जोड मिळाली. आज अमेरिकन विक्रेते पुष्कळ गाड्यांना 'चारही ऋतूंसाठी' असे विशेषण लावतात; परंतु त्या विशेषणामागे कायद्याने ठरविलेले कोणतेही प्रमाण नाही, ही गोष्ट खरेदीदाराने पक्की लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ऊब निर्माण करण्याचे काम अमेरिकन गाडीत बहुधा प्रोपेनवर चालणारी फर्नेस करते. येथे प्रोपेनच का, हे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरातील १४.२ किलोच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते आणि आपल्या हवामानाला ते उत्तम मानवते. ब्युटेन मात्र शून्य अंशाच्या आसपासच द्रवरूपात स्वस्थ बसते, त्याची वाफ होत नाही. आपले सिलिंडर त्या डोंगरावर नेले तर त्यातले प्रोपेन आधी निघून जाईल आणि उरलेला द्रव सिलिंडर जड असूनही ज्योतीच्या उपयोगी पडणार नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहते, त्यामुळे माउंट बेकर ज्यात येते त्या कॅस्केड पर्वतातील थंडी त्याला अडवू शकत नाही. २० पौंडांच्या, म्हणजे ९ किलोच्या एका सिलिंडरात सुमारे ४,३०,००० बीटीयू इतकी उष्णता साठविलेली असते. ताशी ३०,००० बीटीयूची फर्नेस अखंड चालली तर तो साठा चौदा तास पुरतो, आणि थांबत-थांबत चालली तर एक दिवस सहज निघतो. बहुतेक ट्रेलरांच्या पुढच्या अंगाला असे दोन सिलिंडर बसविलेले असतात. या हिशेबाने पाहता शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या कुटुंबाला रविवारपर्यंत थंडी वाजण्याचे काही कारण नसावे. तरीही पहाटे गारठून जागी झालेली माणसे त्या तळावर पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे सिलिंडर रिकामे नसतात.

याचा उलगडा मला बेलिंगहॅममधील एका दुरुस्ती-कारागिराने केला. वयाने साठीच्या पुढे गेलेला, बोलण्यात मितभाषी आणि हातांच्या हालचालीत अत्यंत अचूक असा हा गृहस्थ अनेक हिवाळे हेच काम करीत आला आहे. त्याच्या मेजावर एक उघडी फर्नेस कायम जोडलेली असते. बाहेरचे पत्र्याचे झाकण काढल्यावर तिचा कारभार उघडा दिसतो: मध्ये एकच मोटर, तिच्या दांड्यावर दोन पंखे, एक पंखा खोलीतली हवा तापलेल्या धातूच्या कोठीवरून फिरवून नळ्यांत ढकलतो, तर दुसरा बाहेरची हवा त्या कोठीच्या आत ज्योतीला पुरवून जळलेला वायू भिंतीतल्या तोंडावाटे बाहेर घालवितो. श्वासाची हवा आणि ज्वलनाची हवा यांची कोठेही भेट होत नाही. कोठीला तडा गेला नाही आणि बाहेरचे तोंड मोकळे राहिले, तर रात्रभर आग पेटती ठेवूनही आत झोपलेल्या मुलाच्या छातीत तिचा अंशही जात नाही. आणि या एका गोष्टीसाठी मी या यंत्राला फार मोठा मान देतो.

परंतु ज्या भागाने मला त्या मेजापाशी खिळवून ठेवले, तो या सर्वांहून लहान आहे. हवेच्या मार्गात, पंख्याच्या जवळ, बोटाएवढी एक पातळ पत्र्याची पाती उभी असते आणि तिच्या बुडाशी एक इवलासा विजेचा स्विच असतो. कारागीर मंडळी त्याला सेल स्विच म्हणतात. थर्मोस्टॅटने ऊब मागितली की प्रथम पंखा फिरू लागतो. वाऱ्याचा जोर पुरेसा झाला की तो पातीला रेटतो, पाती कलते, स्विच जुळतो, आणि मगच विद्युत्-फलकाला पुढची मंजुरी मिळते. फलक काही सेकंद थांबून कोठीतला उरलासुरला वायू बाहेर जाऊ देतो, गॅसची झडप उघडतो, ठिणगी टाकतो. ज्योत लागली नाही तर झडप बंद करतो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि तीन वेळा अपयश आल्यास काम तहकूब करून स्वस्थ बसतो. जुन्या मामलेदार कचेरीतला एखादा करारी कारकून ज्याप्रमाणे एका सहीसाठी थोरामोठ्यांचेही काम अडवून धरी, त्याप्रमाणे ही पाती वाऱ्याची खातरजमा झाल्यावाचून अग्नीचा हुकूम पुढे जाऊ देत नाही. सिलिंडर भरलेले आहे, थंडी कडाक्याची आहे, मुले रडत आहेत, यांपैकी कोणतीही सबब तिच्यापाशी चालत नाही.

कारागिराने मला हे प्रत्यक्ष दाखविले. त्याने बॅटरीच्या जागी विजेचा दाब कमी-जास्त करता येईल असे उपकरण जोडले आणि दाब हळूहळू उतरवीत नेला. साडेबारा व्होल्टला पंख्याचा घोष भरदार होता आणि पाती ताठ दबलेली होती. बारापर्यंत फरक जाणवला नाही. अकराच्या खाली गेल्यावर घोष खोल गेला, पातीला कंप सुटला आणि ती मागे आली. पंखा फिरतच होता, पण आग विझली. "गॅस संपल्यामुळे माझ्याकडे फारसे कोणी येत नाही," तो म्हणाला, "येतात ते बॅटरी संपल्यामुळे, आणि आल्यावर सांगतात की फर्नेस बिघडली."

येथून पुढचा हिशेब सरळ आहे आणि तो प्रत्येक कुटुंबाने आधीच मांडायला हवा. मोठ्या फर्नेसचा पंखा सुमारे ७ अँपिअर वीज घेतो. चौदा तासांच्या हिवाळी रात्रीत तो निम्मा वेळ चालला तरी जवळपास ५० अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, असा दंडक आहे. आणि गोठणबिंदूच्या आसपास तिच्या शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा असाच नाहीसा होतो. दिवे आणि पाण्याचा पंप यांचा खर्च त्यात धरला म्हणजे पहाटेपर्यंत शिल्लक काही उरत नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या नव्या बॅटऱ्या निम्म्याहून पुष्कळ खोलवर वीज देतात, पण शून्य अंशाच्या खाली त्या भरू गेल्यास आतल्या पट्टीवर लिथियमचा थर चढून त्या कायमच्या खराब होतात. म्हणून त्यांची जागा गाडीच्या आत, उबेत असली पाहिजे. सारांश, ही शेगडी गॅसवर चालत असली तरी तिचे प्राण विजेत आहेत.

ही पाती धूळ, कापसाचे तंतू आणि पाळीव कुत्र्यांचे केस यांनीही अडते, आणि तेव्हा तिला साफ करणे हा रास्त उपाय असतो. पण कित्येक लोक तसे न करता स्विचच्या दोन टोकांना तार जोडून देतात, म्हणजे पातीची साक्षच रद्द करतात. कारागिराच्या मेजाच्या खणात अशा काढून घेतलेल्या तारांचा एक गुंता पडलेला मी पाहिला. कोठी फार तापल्यास आग बंद करणारा दुसरा स्विच फर्नेसमध्ये असतो, हे खरे. परंतु मंद पंख्यावर पेटविलेली ज्योत अपुऱ्या हवेत जळते, कोठीचा पत्रा वरचेवर प्रमाणाबाहेर तापून फाटू शकतो, आणि ज्या पत्र्याने विषारी वायू श्वासापासून दूर ठेवायचा त्यालाच तडा जातो. मला या प्रकाराची मनापासून भीती वाटते.

ऊब मिळाल्यावरही अडचणी संपत नाहीत. किंबहुना निराळ्या अडचणी तिच्यापासूनच सुरू होतात. कॅस्केड पर्वताची थंडी कोरडी नाही. येथे तापमान पुष्कळदा शून्याच्या आगेमागे असते, हिम ओले आणि जड पडते, आणि दिवसभर स्कीइंग करून आलेले कुटुंब भिजलेली जाकिटे, मोजे व बूट घेऊन त्या लहानशा जागेत शिरते. चार माणसे रात्रभर झोपली तर श्वास आणि त्वचा यांवाटे लिटरभराहून अधिक पाणी हवेत जाते. २० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, तर शून्य अंशाची हवा ५ ग्रॅमसुद्धा धरीत नाही. त्यामुळे खिडकीची काच, तिची ॲल्युमिनियमची चौकट, गादीच्या मागची भिंत, जेथे जेथे थंड पृष्ठभाग मिळेल तेथे तेथे पाणी ओघळते आणि पुढे बुरशी धरते. ज्यांच्या ट्रेलरमध्ये मी उतरलो होतो ते यजमान मूळचे सांगलीचे, त्यांनी निजण्यापूर्वी छताची खिडकी दोन बोटे उघडली, तेव्हा नुकत्याच भारतातून आलेल्या त्यांच्या मातोश्री कळवळून म्हणाल्या, "अरे, एवढी कष्टाची ऊब बाहेर कशाला घालवतोस?" "ऊब नाही गं आई, ओल घालवतोय," त्यांनी उत्तर दिले, आणि शास्त्रदृष्ट्या ते अगदी बरोबर होते, कारण बाहेरची थंड हवा आत येऊन तापली म्हणजे कोरडी होते आणि ओल शोषून घेते. याच कारणासाठी स्वयंपाकाची शेगडी उबेकरिता पेटवून ठेवणे दुहेरी घातक आहे: एक किलो प्रोपेन जळले की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते, आणि धूर बाहेर नेणारी वाट नसल्यामुळे ते पाणी आणि जळलेला वायू दोन्ही खोलीतच राहतात.

पाण्याच्या नळ्यांची कथा निराळी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि बाहेरच्या भिंतीलगत, कपाटांच्या मागून गेलेल्या नळ्या व त्यांचे सांधे त्याला बळी पडतात. रात्री कपाटांची दारे उघडी ठेवावीत, सांडपाण्याच्या टाकीत गुलाबी अँटिफ्रीझ ओतावे, पिण्याचे पाणी कॅनमध्ये आत ठेवावे, असे उपाय तळावर सर्रास चालतात. ज्या मोजक्या स्की-केंद्रांवर विजेची जोडणी मिळते, तेथे एक फसवा मोह होतो. १,५०० वॅटचा विजेचा हीटर लावून लोक गॅस वाचवितात. पण तो हीटर ताशी जेमतेम ५,१०० बीटीयू देतो आणि तेही फक्त खोलीत, तर अनेक गाड्यांत फर्नेसची एक नळी गाडीच्या तळाशी असलेल्या टाक्यांकडे गेलेली असते. खोली ऊबदार झाल्यामुळे थर्मोस्टॅट फर्नेसला हाक मारीत नाही, आणि वर माणसे सुखाने बसली असताना खाली टाक्या गोठतात.

आणि सर्वांत मोठी चिंता त्या हिमाचीच, ज्याच्यासाठी ही माणसे इतक्या दूर येतात. एका रात्रीत दोन फूट हिम पडणे येथे अपूर्व नाही. पहाटे रस्ता साफ करणारे नांगर त्यात भर घालून ढिगारे कडेला लोटतात. फर्नेसचे तोंड गाडीच्या कुशीत, माणसाच्या गुडघ्या-मांडीच्या उंचीवर असते. ते झाकले गेले की बाहेर टाकलेला वायू जवळच कोंडतो आणि फटींतून आत येण्याची वाट शोधतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असला तर त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

म्हणून तिकडे जाणाऱ्या माझ्या वाचकांना एवढीच विनंती आहे. निजण्यापूर्वी, आणि हिम पडत असेल तर मध्यरात्री उठूनही, घरातल्या एका मोठ्या माणसाने फावडे घेऊन फर्नेसच्या तोंडाभोवतीची जागा मोकळी करावी. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची कळ दाबून तो वाजतो की नाही ते पाहावे आणि त्याच्यावर छापलेली मुदत उलटली असल्यास नवा आणावा. बॅटरीचे व्होल्ट वाचावेत. आणि पहाटे फर्नेस पेटेनाशी झाली तर जाड पांघरुणे घ्यावीत, मुलांना जवळ घ्यावे, उजाडल्यावर बॅटरी भरावी, पण सेल स्विचला तार जोडू नये.