पगार किती आणि हातात किती?

१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि करमाळा-माढा तालुक्यांतील धरणाकाठच्या गावांचे जीवन बदलले. ज्वारीच्या रानात ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले, आणि शेतकऱ्याच्या घरातील मुलगा कारखान्यात, शाळेत, बँकेत नोकरी करू लागला. ऊसबिलातून तोडणी-वाहतूक वजा होते, सोसायटीची वसुली कापली जाते, हे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. ते बिलाची प्रत्येक ओळ तपासतात. पगारपत्रकाचा मात्र आपण शेवटचा आकडा तेवढा पाहतो आणि 'टॅक्स कापला' म्हणून मोकळे होतो. वास्तविक कपातीचे प्रकार वेगवेगळे आहेत.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आणि इतर भत्ते ५,००० रुपये, म्हणजे एकूण पगार २०,००० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी पहिल्या रकमेच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. कामगार राज्य विमा योजना लागू असेल तर एकूण पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे १५० रुपये जातात. व्यवसाय कर २०० रुपये. एकूण कपात २,१५० रुपये; हातात १७,८५० रुपये.

आता ही कपात नीट पाहा. तीत कर फक्त २०० रुपयांचा आहे. १५० रुपये आजारपणाच्या विम्याचे आहेत. त्यासाठी मालक आणखी ६५० रुपये भरतो. १,८०० रुपये तर कामगाराची स्वतःचीच शिल्लक होय. मालकही तेवढीच रक्कम घालतो. तीतील १,२५० रुपये पेन्शन योजनेत आणि ५५० रुपये निधीत जातात. नोकरी बदलली की हा पैसा काढून घेण्याची घाई अनेकजण करतात. परंतु मासिक पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि पैसे काढून घेतले की मागची वर्षे हिशेबातून जातात. तेव्हा जुने खाते नव्या नोकरीत वर्ग करून घेणे हेच शहाणपणाचे.

व्यवसाय कराचा तर आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून राज्याने १९७५ साली हा कर बसविला. राज्यघटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. म्हणूनच अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे.

राहिला आयकर. आपल्या उदाहरणातील कामगाराला तो लागतच नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षी नव्या पद्धतीत पगारदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, आणि उरलेले उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य होतो. समजा, एका प्राध्यापकांचा वार्षिक पगार १५,७५,००० रुपये आहे. वजावटीनंतर १५ लाख उरतात. पहिल्या ४ लाखांवर कर नाही; पुढील ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००; त्यापुढील ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००; शेवटच्या ३ लाखांवर १५ टक्के म्हणजे ४५,०००. एकूण १,०५,००० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून १,०९,२०० रुपये. म्हणजे दरमहा ९,१०० रुपये. १५ टक्के दर हा संपूर्ण पगाराला नसून शेवटच्या टप्प्याला आहे, हे ध्यानात ठेवावे.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी पगार करपात्र असणाऱ्याने आयकर विवरणात ते दाखवावे लागते. ५,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास कराचा दर ठरविताना ते हिशेबात येते.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी अनेकजण पहिला पगार घेतील. नोकरी स्वीकारताना 'पगार किती' याबरोबर 'कपात कशाची' हेही विचारावे. विशेषतः ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याने भविष्य निधीचे पासबुक अधूनमधून पाहावे. पगारातून कापलेली रक्कम खात्यावर जमा झालेली नसेल, तर त्याचा जाब विचारणे हा आपला हक्कच आहे. ऊसबिल वाचणाऱ्या घरातील मुलांना पगारपत्रक वाचणे अवघड जाऊ नये.