प्रजातींचे सहअस्तित्व, जैवविविधता आणि परिसंस्थेचे कार्य

प्रस्तावना : एकाच अधिवासात अनेक प्रजाती एकत्र कशा नांदतात, हा परिस्थितिकीतील मूलभूत प्रश्न होय. रशियन शास्त्रज्ञ गॉस यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या पॅरामेशियमवरील प्रयोगांतून असे दाखविले की, एकाच अन्नावर सर्वस्वी अवलंबून असणाऱ्या दोन प्रजातींपैकी एक कालांतराने नाहीशी होते. मात्र अन्न व वावरण्याची जागा भिन्न असल्यास दोन्ही टिकतात.

विवेचन : सहअस्तित्व शक्य करणारी ही भिन्नताच परिसंस्थेची कार्यक्षमताही वाढविते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे डेव्हिड टिलमन व सहकाऱ्यांनी १९९४ पासून गवताळ भूखंडांत १, २, ४, ८ व १६ वनस्पती-प्रजाती वाढविल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सोळा प्रजातींच्या भूखंडांतील जैवभार एकल प्रजातीच्या भूखंडांच्या सुमारे २.७ पट होता. शेंगवर्गीय वनस्पती हवेतील नत्र स्थिर करतात व गवतांना त्याचा लाभ होतो, हे यामागील एक प्रमुख कारण होय. आपल्याकडील ज्वारी-तूर आंतरपीक पद्धतीतही हेच तत्त्व दिसते : ज्वारीची तंतुमय मुळे वरच्या थरातील, तर तुरीचे सोटमूळ खोलवरील ओलावा घेते.

निष्कर्ष : म्हणूनच मिश्र वन तोडून त्याबदली एकाच जातीची तितकीच झाडे लावल्यास वृक्षसंख्या भरून निघेल, परंतु परस्परपूरक प्रजातींनी मिळून चालविलेले त्या वनाचे कार्य भरून निघणार नाही. संवर्धनाचे मोजमाप करताना हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.