दरी त्यांची, गाडी त्यांची, गोष्टही त्यांचीच

आमच्या वयाच्या पुष्कळ वाचकांना आठवत असेल. चाळीच्या मोकळ्या जागेत दोन बांबूंना पांढरी चादर बांधून सिनेमा दाखवीत. हिंदी सिनेमाची रिळे मिळाली नाहीत, तर कधी कधी इंग्रजी सिनेमा लागे. भाषा कोणालाच कळत नसे. पण घोडे, बंदुका आणि धुरळा समजायला भाषा कशाला लागते? लाल खडकांचे उंचच उंच सुळके दिसत. त्यांच्या आडून डोक्याला पिसे लावलेले ‘रेड इंडियन’ आरोळ्या ठोकीत येत. मग बिगूल वाजे, निळ्या गणवेशातले घोडदळ धावून येई आणि आम्ही पोरे टाळ्या पिटत असू.

दुसऱ्या दिवशी तोच खेळ चाळीत रंगे. घोडेस्वार व्हायला सगळे तयार. रेड इंडियन व्हायला कोणीच तयार नसे. शेवटी जो सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत गरीब, त्याच्या गळ्यात ते काम पडे. तो मार खाई, जमिनीवर पडे आणि आम्ही जिंकत असू.

ते लाल खडक कोणाचे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. कळल्यावर मात्र त्या टाळ्यांची लाज वाटली. म्हणून आज या पानावर त्या खडकांची आणि तिथे जीपगाडी चालवणाऱ्या माणसांची माहिती देत आहोत.

‘शोले’चे खडक आणि हे खडक

‘शोले’ (1975) न पाहिलेले घर आपल्याकडे सापडणे कठीण. त्यातले रामगढ म्हणजे कर्नाटकातील रामनगरचे खडक. आजही लोक तिथे जाऊन गब्बरचा खडक पाहून येतात. घोड्यावरचे डाकू, आगगाडीवरचा हल्ला, एकाकी वस्ती ही सगळी धाटणी मुळात अमेरिकेतल्या घोडेस्वारी सिनेमांची, ज्यांना तिकडे ‘वेस्टर्न’ म्हणतात. त्या वेस्टर्न सिनेमांचे सर्वांत गाजलेले ठिकाण म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली.

ही दरी अमेरिकेतील ॲरिझोना आणि युटा या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. सपाट वाळवंटातून लाल दगडाचे बुरूज सरळ आकाशात चढलेले. काही तर जवळजवळ हजार फूट उंच. वारा, पाणी आणि थंडी यांनी लाखो वर्षे खालचा मऊ दगड झिजवला आणि वरचा कठीण दगड टिकला, त्यातून हे बुरूज उभे राहिले. दगडातल्या लोहामुळे त्यांना तो तांबडा रंग आला. सगळी दरी नवाहो लोकांच्या राखीव प्रदेशात येते. हे लोक स्वतःला ‘दिने’ म्हणतात. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माणसे’ एवढाच. तीन राज्यांत पसरलेला त्यांचा हा प्रदेश आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव हिश्शाएवढा आहे.

गाडी कशी असते, फेरी कशी असते

दरीत सुमारे 27 किलोमीटरचा एक कच्चा फेरा आहे. डांबर नाही, खडी नाही. नुसती लाल माती, खड्डे आणि मऊ वाळू. साधी मोटार घेऊन गेलेला माणूस वाळूत रुतून बसू शकतो. म्हणून पुष्कळ पाहुणे नवाहो वाटाड्याच्या गाडीतून जातात. चारी चाकांना जोर असलेली जीप, नाही तर मागच्या हौद्यात बाके बसवून वर छत घातलेला उघडा ट्रक. आपल्याकडच्या वडाप किंवा काळी-पिवळीची आठवण यावी असाच थाट. फरक इतकाच की, तिथे कोणी टपावर बसत नाही आणि दारात लोंबकळत नाही. धुरळा मात्र तसाच! जाणकार पाहुणा तोंडाला रुमाल बांधूनच बसतो.

फेरीत आधी ‘मिटन’ नावाचे दोन सुळके लागतात. लोकरी हातमोजा घातलेला पंजा अंगठा वेगळा करून उभा धरावा, तसे ते दिसतात. पुढे ‘थ्री सिस्टर्स’, म्हणजे तिघी बहिणी. मग ‘टोटेम पोल’ नावाचा काठीसारखा उभा सुळका. ‘द आयगर सँक्शन’ (1975) या सिनेमासाठी क्लिंट ईस्टवुड त्यावर चढला होता. आता मात्र दरीतल्या सुळक्यांवर चढायला मनाई आहे, कारण नवाहो लोकांना ही जागा पवित्र आहे.

ठरलेला फेरा सोडून आत जायचे, तर नवाहो वाटाड्या सोबत हवाच. आतल्या वाटांना ना पाटी, ना खूण. तिथे ‘बिग होगन’ नावाची मोठी गुहा आहे. तिच्या छताला आकाश दिसेल असे भोक आहे. वाटाड्या पाहुण्यांना खडकाला पाठ टेकवून वर पाहायला सांगतो आणि पुष्कळदा आपल्या भाषेतले गाणे म्हणतो किंवा पावा वाजवतो. गुहेत तो सूर असा घुमतो की, वाचाळ पाहुणाही गप्प होतो. होगन म्हणजे नवाहोंचे लाकूड-मातीचे गोल घर. त्याचे दार पूर्वेला असते, सकाळचे पहिले ऊन घरात यावे म्हणून.

सिनेमा कसा आला

1920 च्या दशकात हॅरी गोल्डिंग नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्याने पत्नीसह इथे दुकान थाटले. नवाहो लोक लोकर आणि हातमागावरचे गालिचे आणीत, त्याबदल्यात पीठ, साखर, कॉफी नेत. पुढे जगभर मंदी आली आणि लोकांचे खायचे वांधे झाले. तेव्हा गोल्डिंग दरीची छायाचित्रे घेऊन 1938 मध्ये हॉलिवूडला गेला. ती छायाचित्रे दिग्दर्शक जॉन फोर्डच्या नजरेस पडली आणि 1939 मध्ये ‘स्टेजकोच’ हा सिनेमा आला. पुढे पंचवीस वर्षे फोर्ड पुन्हा पुन्हा इथे येत राहिला.

या सिनेमांतून नवाहोंना मजुरी मिळाली, हे खरे आहे. भुकेच्या दिवसांत मिळालेल्या पैशाला कोण नावे ठेवील? आपणही पोटासाठी काय काय कामे केली, ते आपल्याला ठाऊक आहे. पण काम कोणते होते? कधी अपाचे, कधी कोमांची, कधी शायेन अशा दुसऱ्याच जमातींची सोंगे घेऊन घोड्यावरून पडायचे आणि मरायचे. बोलण्याचे मोठे काम आले की ते दुसऱ्याला. ‘द सर्चर्स’ (1956) मध्ये कोमांची सरदाराचे काम करणारा हेन्री ब्रँडन हा नट जर्मनीत, बर्लिनमध्ये जन्मलेला होता!

1868 : पडद्यावरचे आणि खरे

‘द सर्चर्स’च्या सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरे येतात : टेक्सास, 1868. दरी नवाहोंची, नाव मात्र टेक्सासचे. आणि 1868 या सालाचे नवाहोंच्या घरात काय महत्त्व आहे, हे प्रेक्षकांना कोणी सांगितले नाही.

त्याआधी चार वर्षे, 1864 मध्ये, अमेरिकन फौजेने नवाहोंची शेते जाळली, मेंढ्या मारल्या, पीचची झाडे तोडली. उपासमारीने शरण आलेल्या, बायका-मुले-म्हाताऱ्यांसह आठ हजारांहून अधिक माणसांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेऊन डांबले. या चालीला नवाहो आजही ‘लाँग वॉक’ म्हणतात. वाटेत आणि छावणीत माणसे पटापट मेली. होस्किनिनी नावाचा पुढारी मात्र आपल्या माणसांसह निसटला आणि मॉन्युमेंट व्हॅलीच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात लपून राहिला. अखेर 1 जून 1868 रोजी तह झाला आणि उरलेली माणसे पायी आपल्या भूमीत परतली.

म्हणजे पडद्यावर ज्या साली ‘रेड इंडियन’ क्रूर दाखवले, त्याच साली प्रत्यक्षात ते मेलेल्यांना मागे ठेवून घरी परतत होते. तुरुंगवासातल्या या लोकांना रोजचे अन्न म्हणून पांढरे पीठ आणि चरबी मिळे. त्यातून त्यांच्या बायकांनी तळलेली जाड पोळी केली. तीच ‘फ्राय ब्रेड’ आज पाहुण्यांना चवीने खिलवतात. टंचाईतून आलेले अन्न आपल्या आया-आजींनाही नवे नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपल्या देशात 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत 21 वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मताचा हक्क होता. ॲरिझोनात मात्र राखीव प्रदेशातील लोकांना मतदानाचा हक्क 1948 मध्ये न्यायालयाच्या निकालाने मिळाला, आणि युटात तर 1957 मध्ये. म्हणजे ‘द सर्चर्स’चे चित्रीकरण चालू असताना युटाच्या बाजूला राहणाऱ्या नवाहो माणसाचा चेहरा पडद्याला चालत होता, पण त्याचे मत पेटीला चालत नव्हते!

बोलीची गंमत आणि बोलीची ताकद

नवाहो मुलांना सरकारी वसतिगृहांच्या शाळांत आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. तीच भाषा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या कामी आली. 1942 पासून नवाहो सैनिकांनी तिच्यात गुप्त संदेश पाठवले. सुरुवातीचे ते जवान 29 होते. शत्रूला ती संकेतभाषा कधीच उलगडली नाही.

सिनेमातही एक गंमत झाली. ‘शायेन ऑटम’ (1964) मध्ये नवाहो कलाकारांना ‘तुमच्या भाषेत काहीतरी गंभीर बोला’ असे सांगितले. ते काय बोलतात, हे दिग्दर्शकाला कुठे कळत होते? त्यांनी म्हणे थट्टामस्करीची वाक्ये ठोकून दिली. हा सिनेमा नवाहो वस्तीत लागला की गंभीर प्रसंगाला लोक पोट धरून हसत, असे सांगतात. ज्याला दुसरे हत्यार नाही, तो असा हसून सूड घेतो.

आता काळ पालटला आहे. 2013 मध्ये ‘स्टार वॉर्स’ नवाहो भाषेत आणला गेला. 2021 मध्ये ‘ए फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ हा वेस्टर्न सिनेमाही नवाहो बोलू लागला.

लगाम हाती आला

1958 मध्ये नवाहोंच्या स्वतःच्या सरकारने ही दरी ‘ट्रायबल पार्क’ म्हणून जाहीर केली. प्रवेशाचे पैसे नवाहोंच्या सरकारकडे जातात. सिनेमावाल्यांना परवानगीही नवाहो सरकारकडूनच घ्यावी लागते. 2008 मध्ये दरीच्या काठावर नवाहो मालकीचे हॉटेल उघडले. वाटाडे नवाहो, काहींची घरे, मेंढ्या, नातलग याच दरीत आहेत.

जॉन फोर्डच्या नावाचा एक कडा तिथे आहे. पाहुणे फोर्डचे नाव ऐकूनच येतात, तेव्हा वाटाड्यालाही ते नाव घ्यावेच लागते. त्या कड्यावर नवाहो स्वार घोड्यासह उभा राहतो आणि पाहुणे पैसे देऊन त्याचे छायाचित्र घेतात. पण पुढच्या वळणावर वाटाड्या आपल्या आजीचे होगन दाखवतो, लाँग वॉक सांगतो, कोणते झुडूप कोणत्या दुखण्यावर चालते ते सांगतो. सिनेमाच्या नावाने आलेला माणूस नवाहोंची गोष्ट ऐकून परत जातो.

सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. 1944 ते 1986 या काळात नवाहो भूमीतून जवळजवळ 3 कोटी टन युरेनियमचे खनिज उपसले गेले. मॉन्युमेंट व्हॅलीतही खाणी होत्या. धुळीचा धोका खाणमजुरांना कोणी धड सांगितला नाही. कित्येकांची फुप्फुसे कामातून गेली. खाणी बंद पडल्या, पण पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी मागे उरल्या. 2005 मध्ये नवाहोंनी आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणींना बंदी घातली. आजही अनेक घरांत नळ नाही. पाणी गाडीतून आणावे लागते. 2020 मध्ये करोनाने इथे कहर केला, तेव्हा पार्क बंद झाले आणि ते 2021 मध्ये उघडले. तोवर ज्यांचे पोट गाडीच्या फेऱ्यांवर होते, त्यांच्या चुली कशा पेटल्या असतील, ते टाळेबंदीत रिक्षा उभी करून बसलेल्या आपल्या बांधवांना वेगळे सांगायला नको.

तरीही एक गोष्ट पक्की झाली आहे. खडक तेच, कच्ची वाट तीच, धुरळाही तोच. पूर्वी या धुरळ्यातून नवाहो फक्त मरण्यासाठी धावत येत होता. आज तो चालकाच्या जागेवर बसला आहे. कुठे थांबायचे, काय दाखवायचे आणि काय सांगायचे, हे तो ठरवतो. पोटापाण्याचा धंदा आणि स्वतःची गोष्ट सांगण्याचा हक्क एकाच हातात आले की माणूस ताठ उभा राहतो.

वाचक माता-भगिनींनो, बंधूंनो, आमची एकच विनंती. एखाद्या रविवारी टीव्हीवर असा जुना सिनेमा लागेल आणि मुले टाळ्या वाजवतील. टीव्ही बंद करू नका. मुलांजवळ बसा आणि त्यांना विचारा, ‘बाळांनो, हे डोंगर कोणाचे?’ उत्तर आले नाही, तर वरची हकिकत सांगा. आमच्या चाळीत शेवटी ज्याच्या गळ्यात ते काम पडे, त्या लहानग्यालाही ती तेव्हा कोणीतरी सांगायला हवी होती.