पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च

गेल्या आषाढांतील एका रविवारीं सीबीडी बेलापुरांतील आमच्या शेजाऱ्यांकडे घरच्या मंडळींची बैठक बसली होती. थोरल्या चिरंजीवांची कन्या रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली, मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील विद्यानगरींत एम्. एस्सी.ला तिला जागा मिळण्याचा संभव होता. परंतु धाकट्या काकांच्या मुलाची अभियांत्रिकीची फी नुकतीच भरलेली. तेव्हां ‘मुलीनें दोन वर्षें नोकरी करावी, पुढचें पुढें पाहूं’ असें बहुमत होऊं लागलें. मुलगी दाराशीं उभी राहून ऐकत होती. आम्हांस बोलावणें होतें तें चहाचें, सल्ल्याचें नव्हे. पण पस्तीस वर्षें खडूफळ्याशीं काढलेल्या मनुष्यास अशा वेळीं गप्प बसवत नाहीं. दोन वर्षांनीं पुस्तकाकडे परतलेलीं मुलें आम्हीं फार थोडीं पाहिलीं आहेत.

आम्हीं प्रथम कागद व पेन्सिल मागविली. खर्च म्हणजे फी, अशी सुशिक्षित घरांतही समजूत असते. वस्तुतः सरकारी विद्यापीठाच्या अनुदानित विभागांत फी हा खर्चाचा लहान वाटा. खोलीभाडें आणि खाणावळ हा मोठा. (त्याच विद्यापीठांत ‘स्वयंअर्थसाहाय्यित’ म्हणून जे अभ्यासक्रम चालतात, त्यांची फी पुष्कळ अधिक असते, अर्ज भरण्यापूर्वीं तेवढा एक शब्द नीट वाचावा.) बेलापूरची मुलगी हार्बर मार्गानें कुर्ल्यास उतरून बसनें कालिन्यास जाते आणि रात्रीं घरीं जेवते. विद्यार्थ्यांच्या सवलतीचा रेल्वेचा पास मिळतो. तीच मुलगी परगांवीं ठेवली असती, तर दोन वर्षांचा आंकडा केवढा झाला असता, तें आम्हीं मांडून दाखविलें. बैठकींतला आवाज थोडा खालीं आला.

मग शिष्यवृत्तीचा विषय निघाला आणि आजोबा ताठ बसले. “आमच्या घराण्यानें कोणापुढें हात पसरला नाहीं,” ते म्हणाले. खरी अडचण पैशाची नसून हीच होती. आम्हीं त्यांस दक्षिणेचें स्मरण दिलें. पेशव्यांची श्रावणमासांतील दक्षिणा १८१८ नंतर इंग्रजांनीं एकदम बंद केली नाहीं. तिचा कांहीं भाग पुढें ‘दक्षिणा फेलो’ म्हणून निवडलेल्या हुशार विद्यार्थ्यांकडे वळला. न्यायमूर्ति रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयांत असे फेलो होते, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. शिष्यवृत्तीस भिक्षा म्हणावयाचें, तर या दोघांसही त्या पंक्तींत बसवावें लागेल! नामदार गोखल्यांची गोष्ट निराळी. त्यांचे थोरले बंधु गोविंदराव यांचा पगार पंधरा रुपये, आणि त्यांतले आठ ते गोपाळरावांस शिक्षणासाठीं धाडीत, असें चरित्रकार सांगतात. ही गोष्ट आपण मुलांस मोठ्या अभिमानानें सांगतों. पण उरलेल्या सात रुपयांत घर चालविणाऱ्या वहिनींची आठवण कोणी काढीत नाहीं. घरांतून निघणारा पैसा कोणाच्या तरी ताटांतूनच निघतो. आजोबा कांहीं बोलले नाहींत. स्वयंपाकघराच्या दारांत मात्र हालचाल झाली.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीं विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय शिष्यवृत्ति आहे. ती पदवीच्या गुणांवरून देतात; दरमहा १५,००० रुपये, वर्षांतून दहा महिने. अभियांत्रिकीचा पदवीधर ‘गेट’ परीक्षेंत उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेंत एम्. टेक्. करूं लागला, तर त्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात. आपल्या राज्यांत ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें, केंद्रीभूत प्रक्रियेंतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांतील मुलींचें सर्व शिक्षणशुल्क माफ झालें. पालकांचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असावें, ही अट. पालकांचें, काकांचें नव्हे. एकत्र कुटुंबांत याच शब्दावरून घोटाळा होतो.

येथें आमचीच एक फजिती सांगणें प्राप्त आहे. पूर्वीं आमच्या पुतण्यासाठीं उत्पन्नाचा दाखला काढावयाचा होता. कोंकण भवन घराजवळ, सरकारी कचेऱ्यांनीं भरलेलें. म्हणून आम्ही ऐटींत तेथें गेलों. दाखला तहसिलदारांचा लागतो, आणि बेलापूर ठाणें तालुक्यांत मोडतें, हें आमच्या ध्यानींच आलें नव्हतें. तो हातीं येईपर्यंत अर्जाची मुदत टळली होती. पुतण्यानें आम्हांस शब्दानेंही दोष दिला नाहीं. तें आम्हांस अधिक लागलें. तेव्हांपासून निकालाची वाट न पाहतां चैत्रांतच दाखले काढावेत, असें आम्ही दिसेल त्यास सांगतों.

शिष्यवृत्तीस अटी असतात, याबद्दल कुरकुरूं नये. सयाजीराव महाराजांनीं १९१३ सालीं डॉ. आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठांत धाडलें, तें दरमहा साडेअकरा पौंड देऊन. पण संस्थानच्या नोकरीचा करारही लिहून घेतला होता. एम्. एस्सी.नंतर संशोधन करूं इच्छिणाऱ्यानें तर शेवटच्या वर्षींच ‘नेट’ परीक्षेस बसावें. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ति मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानें दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि दोन वर्षांनंतर ४२,०००. घरचा दिवा लावूनही थोडें उरावें, एवढी ती रक्कम आहे.

ज्यास घर सोडणेंच भाग आहे, त्यानें विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्याची परंपरा घातली. पुणें विद्यापीठांतील योजनेस त्यांचेंच नांव आहे. ग्रंथालयांत चार तास पुस्तकें लावणें वार लावून जेवण्यापेक्षां केव्हांही बरें. नोकरी सुटत नसेल, त्यास नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पण रसायनशाळेचें काम घरबसल्या होत नाहीं.

राहिलें कर्ज. चार लाखांपर्यंत बँका बहुधा तारण मागत नाहींत, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभरानें सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतें. २०२४ च्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेंत, निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांस, घरचें उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजांत तीन टक्के सवलत मिळते. तरीही एम्. ए., एम्. एस्सी.साठीं कर्ज अगदीं शेवटीं काढावें, हें आमचें मत. विवाहाच्या वयांतील मुलीच्या नांवें कर्ज नको, हें जें कारण त्या बैठकींत पुढें आलें, तें मात्र आमचें नव्हे.

मुलगी विद्यानगरींत जाऊं लागली आहे. राष्ट्रीय शिष्यवृत्तीचा अर्ज तिनें स्वतः भरला. काकांनीं कागद तपासले. पासाचे पैसे आजोबा आपल्या निवृत्तिवेतनांतून देतात, आणि तेवढ्या बाबतींत कोणाचें ऐकत नाहींत.